गाडीच्या कानाची खूण

ग्यानबा आंधळा आहे, हे त्याच्या जीपमध्ये मागच्या सीटवर बसून झरीहून परभणीला गेलेल्या माणसालासुद्धा कळायचं नाही. घरात तो भिंत धरून चालायचा, अंगणात काठी टेकत, आणि परक्या ठिकाणी कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून. पण एकदा का जीपच्या पुढच्या डाव्या सीटवर बसून त्यानं दार ओढून घेतलं, की काठी पायाशी आडवी पडायची आणि ग्यानबा ताठ व्हायचा.

त्याचा मुलगा रामप्रसाद गाडी चालवायचा. स्टेअरिंग, ब्रेक आणि गियर त्याचे; मधल्या फळीवरचं बाकी सगळं राज्य ग्यानबाच्या उजव्या हाताचं. पंख्याच्या बटणाची टोपी कधीच हरवली होती, नुसती दांडी उरली होती. ती फिरवली की वारं. तिच्याखाली एक सरकती पट्टी, ती ओढली की तेच वारं पुढच्या काचेवर. टेपची बटणं बोटांनी घासून गुळगुळीत झालेली, त्यातलं एक आत गेलं होतं ते गाणं थांबवायचं. रामप्रसादनं रस्त्यावरची नजर न हलवता म्हणायचं, "दादा, वारं." शब्द पुरा व्हायच्या आत वारं आलेलं असायचं. "दादा, काच," म्हटलं की काचेवरची वाफ गायब. बापलेकांमध्ये दिवसभरात याहून जास्त बोलणं होत नसे, आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नसे.

काचबिंदूनं डोळे नेले तेव्हा ग्यानबा रडला नव्हता. डॉक्टरांना त्यानं एकच विचारलं होतं, "मेंढरं वळखू येतील का?" डॉक्टर बिचारे काय सांगणार! त्याचं उत्तर ग्यानबानं घरी येऊन स्वतःच शोधलं. या भागातल्या मेंढपाळांच्या घराघरांत कोकरांच्या कानाला खूण करायची रीत आहे. दोन कळप एकमेकांत मिसळले तर कान बघायचे आणि आपापली मेंढरं वेगळी करायची. ग्यानबाच्या घरची खूण म्हणजे डाव्या कानाच्या कडेला दोन खाचा आणि उजव्या कानाला एक. डोळे होते तोवर त्याला कान बघावे लागायचे. डोळे गेल्यावर तो कान चाचपायला लागला, आणि थोड्याच दिवसांत त्याला कळलं की प्रत्येक खाच भरून येताना वेगळी भरते. कुणाची कड जाड राहते, कुणाची दुमडते. मग काय, कळपातली एकूण एक मेंढी तो बोटांनी ओळखू लागला आणि नावानं हाका मारू लागला. अशा माणसाला आंधळा म्हणायचं म्हणजे आपलीच जीभ चावल्यासारखं होतं.

तर जीपचं वय झालं आणि घरात नवी गाडी आली. गाडी निवडली सुनेनं, रूपालीनं. रूपाली गावोगाव फिरून शेळ्यामेंढ्यांना लसी टोचायचं काम करायची, सरकारी पिवळे बिल्ले जनावरांच्या कानात लावायची. बिल्ल्यावर नंबर असतो, मग खाचा कशाला, यावरून तिची आणि सासऱ्याची अधूनमधून जुंपायची. पोरगी हुशार, तरतरीत, कुठलीही नवी वस्तू घरात आली की तिची पुस्तिका आधी वाचणारी.

गाडीची पूजा झाली. मनकर्णाबाईंनी, म्हणजे ग्यानबाच्या बायकोनं, चाकांना हळदीकुंकू वाहिलं आणि नवऱ्याचा हात धरून त्याला पुढच्या सीटवर बसवलं. ग्यानबानं सवयीनं उजवा हात पुढं केला. हात एका थंडगार, सपाट काचेवर आपटला.

"बटनं कुठं गेली?" त्यानं विचारलं.

"बटनं न्हाईत दादा," रामप्रसाद मोठ्या तोऱ्यात म्हणाला. "समदं काचंवरच. बोट लावलं की झालं काम."

मागच्या सीटवरून रूपालीनं गाडी उलटी घ्यायला लावली आणि ओरडली, "मामा, मागं कोकरू हुबं हाय, त्ये हितं पुढं काचंवर दिसायलंय! पाय बी दिसायलेत!"

"मागचं पुढं दिसायलंय?" ग्यानबाचं तोंड उघडंच राहिलं. जीप मागं घेताना चाकाखाली आलेलं एक कोकरू त्यानं स्वतःच्या हातानं उचललं होतं, ते तो विसरला नव्हता. "लय गुणाची काच हाय मंग," तो म्हणाला, आणि हे तो अगदी मनापासून म्हणाला. गाडी होतीच तशी. आत बसलं की बाहेरचा धुरळा बाहेर, आवाज बाहेर, आणि एक बाई गोड आवाजात पुढचं वळण सांगणारी. चैत्राचं ऊन रणरणत असताना आत मात्र विहिरीच्या तळाशी असतो तसा गारवा. ग्यानबानं दोनदा दार उघडून मिटून पाहिलं, नुसत्या त्या आवाजासाठी.

पहिला प्रवास ठरला ताडकळसचा, रूपालीच्या माहेरी. रामप्रसादनं सकाळी सासूला, सगुणाबाईंना, फोन करून निघतोय म्हणून सांगितलं. ग्यानबा पुढं, सासूसुना मागं. परभणी मागं पडली, रस्ता मोकळा झाला, आणि ग्यानबाला वाटलं, आता ही काच एकदा नीट बघून घ्यावी.

बघावी म्हणजे काय करावं? आपण डोळे फिरवतो, त्यानं हात फिरवला. नवीन घेतलेल्या मेंढीच्या अंगावरून फिरवतात तसा, वरून खाली, अलगद, कुठं गाठ आहे का, कुठं खाच आहे का बघत. काच गुळगुळीत. कुठंच काही लागेना. पण बोलणाऱ्या बाईचा आवाज मात्र हळूहळू कमी होत बंद पडला. रामप्रसाद समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरकडं बघत होता, त्याच्या ध्यानात आलं नाही. ग्यानबानं काच तिथंच सोडली आणि निवांत मागं टेकून गप्पा सुरू केल्या.

"इहीनबाई आज शिराच करतेल, बगा," तो म्हणाला. "गेल्या खेपंला केलता. तुपाचं नाव न्हाई. घास गिळताना नरड्यात रेती अडकल्यावानी झालं."

"मामा!" रूपालीला हसूही आवरेना आणि रागही येईना.

"खोटं हाय का? तुझी आई माणूस सोन्याचं. पर तूप म्हन्लं की हात आखडतो."

मनकर्णाबाईंनीही भर घातली, की चहात साखर टाकताना इहीनबाई डबा उघडतात, बघतात आणि पुन्हा लावून ठेवतात. गाडीत हशा पिकला. ताडकळस येईपर्यंत सगुणाबाईंच्या स्वयंपाकघरातला एकही डबा सुटला नाही.

सगुणाबाईंनी दारात पाय धुवायला पाणी दिलं, हसून स्वागत केलं, आणि थोड्या वेळानं ग्यानबासमोर ताट ठेवलं. ग्यानबानं शिऱ्याला हात घातला तर हात मनगटापर्यंत तुपात गेला.

"घ्या इवाई," सगुणाबाई म्हणाल्या, "आदी नरड्याला वंगण घालून घ्या. आज रेती लागायची न्हाई."

 ग्यानबाचा घास हातातच राहिला. झालं होतं असं, की त्याच्या फिरत्या हातानं आधी गाडीचा आवाज बंद केला होता आणि मग सकाळच्या शेवटच्या नंबरला फोन लावला होता. तो नंबर सगुणाबाईंचा. त्या हॅलो हॅलो करत होत्या ते गाडीत कुणाला ऐकू आलं नाही, आणि गाडीतलं सगळं मात्र त्यांना मांडी घालून, पाटावर बसून ऐकता आलं. साखरेच्या डब्यापर्यंत सगळं.

खरं सांगायचं तर सगुणाबाईंना मजाच आली होती. इतक्या वर्षांत व्याह्याला कोंडीत पकडायची अशी संधी मिळाली नव्हती. मनकर्णाबाईंच्या चहात त्यांनी इतकी साखर घातली की चमचा उभा राहील. पण रामप्रसादचा चेहरा पडला तो पडलाच. जावई माणूस, सासरी असा तमाशा! निघताना तो गाडीपाशी आला आणि बापाकडं न बघता म्हणाला,

"दादा, तुमी मागं बसा. पुढं रूपाली बसल. तिला ते काचंवरचं समजतंय."

त्यात वाकडं काही नव्हतं. बोलणंही नीट होतं, कारणही खरं होतं. पण मागचं दार उघडून आत सरकताना ग्यानबाला पहिल्यांदा वाटलं की आपले डोळे गेले. दवाखान्यात वाटलं नव्हतं ते त्याला ताडकळसच्या रस्त्यावर वाटलं. मागच्या सीटवर त्याच्या उजव्या हाताला काहीच काम नव्हतं. त्यानं तो मांडीखाली दाबून ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही.

त्यानंतर गाडी निघायची म्हटलं की ग्यानबाला काहीतरी व्हायला लागलं. कधी पोटात कालवतंय, कधी मेंढी व्यायला झालीय. "तुमीच जाऊन या," म्हणायचा. रामप्रसादला ते खरं वाटायचं, किंवा खरं वाटून घेणं त्याला सोयीचं होतं.

पण चारठाण्याच्या एका सोयऱ्याच्या घरी नातवाचं जावळ निघालं आणि तिथं घरातल्या वडीलधाऱ्यानं जाणं भागच होतं. ग्यानबा मुकाट्यानं मागं बसला. जिंतूरच्या पुढं एका कडब्याच्या ट्रॉलीमागं गाडी अडकली. समोरून गाड्यांवर गाड्या, ऊन थेट तोंडावर, रामप्रसादच्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरायला लागला. त्याचे दोन्ही हात स्टेअरिंगवर आणि नजर ट्रॉलीच्या कडेनं पुढं. तो म्हणाला,

"दादा, वारं."

इतक्या वर्षांची सवय. तोंडातून गेलं ते गेलं. आणि मागच्या सीटवरून ग्यानबाचा हात उठला. दोन सीटांच्या मधून तो पुढं आला, जिथं दांडी असायची तिथवर पोहोचायला निघाला, अर्ध्यात थांबला, आणि कुणी पाहिलं तर नाही ना अशा घाईनं मागं गेला.

रूपालीनं पाहिला. तिनं काचेवर बोट टेकवलं. नेमका खड्डा आला आणि बोट भलतीकडंच लागलं, नकाशा मोठा झाला. दुसऱ्यांदा लावलं तेव्हा वारं आलं. तोवर रामप्रसादनं घाम बाहीनं पुसला होता. त्याला वाटलं, रूपालीनं जरा उशीर केला. बाकी काही त्याच्या मनात आलं नाही. रूपालीला मात्र चारठाण्यात जेवण गोड लागलं नाही.

दोन-तीन दिवसांनी ती दुपारची लसी टोचून परत आली, तेव्हा गाडी अंगणात लिंबाखाली उभी होती आणि पुढच्या डाव्या सीटवर ग्यानबा बसला होता. चावी तशीच लावलेली, काच उजळलेली. त्यानं उजवा हात पुढं केला होता, पण काचेला लावला नव्हता. बोटभर अंतरावर धरून तो हवेतल्या हवेत इकडून तिकडं फिरवत होता.

"मामा, काय करायलाव?"

"बघायलोय."

"हात न लावता?"

ग्यानबानं हात खाली घेतला. "लावला की ती करती ना बाई. मला बघायचं तर हात लावावा लागतो. अन् हिला हात लावला की हुकूम वाटतो. आमचं दोघांचं जमावं कसं, तूच सांग."

रूपालीनं गाडीची अख्खी पुस्तिका वाचली होती. त्यात हे लिहिलेलं नव्हतं. गाडी बनवणाऱ्यांनी किती विचार केला होता! मागचं पुढं दाखवलं, बाहेरचं आत येऊ दिलं नाही, रस्ता बोलून सांगितला. फक्त हात लावणं म्हणजे बघणं असतं अशी माणसंही गाडीत बसतात, एवढं त्यांच्या डोक्यात आलं नाही. तिच्या तरी कुठं आलं होतं? तिला स्वतःची लाज वाटली. तिनं चावी फिरवून गाडी बंद केली.

"आता निजली ती. आता लावा हात. काय बी करायची न्हाई."

ग्यानबानं मग मनसोक्त हात फिरवला. या कडेपासून त्या कडेपर्यंत, तळव्यानं, नखानं, अंगठ्यानं. खाली वाकून त्यानं काचेला गालही लावून पाहिला. शेवटी तो मागं टेकला.

"जनावर लय चांगलं हाय," तो म्हणाला, "हुशार हाय. पर ह्याला कान न्हाईत, रूपाली. वळखावं कशावरून?"

त्याच दिवशी रूपालीनं उपाय केला. आपल्या टिकल्यांचं पाकीट आणलं आणि काचेवर जागोजागी टिकल्या लावल्या. लाल टिकली वाऱ्याची, हिरवी गाण्याची. रंग तिच्यासाठी आणि फुगवटा सासऱ्याच्या बोटासाठी. पण दुसऱ्या दिवशी उन्हानं डिंक पातळ झाला आणि वाऱ्याची टिकली घसरत घसरत नकाशावर आली. शिवाय टिकली शोधताना बोट काचेलाच लागायचं आणि पुन्हा नको तो हुकूम. रामप्रसादनं संध्याकाळी सगळ्या टिकल्या खरवडून काढल्या. "गाडी हाय का नवरी?" तो चिडून म्हणाला. "काचंवर चरा पडला असता म्हंजे? कामून ह्ये उद्योग?"

रूपालीनं वाद घातला नाही. टिकल्यांमधून तिला एक गोष्ट कळली होती. खूण हवी, पण ती काचेवर नको. काचेच्या कडेला हवी.

पुढच्या आठवड्यात कोकरांचे कान करायचा दिवस आला. हे काम अजूनही ग्यानबाच करतो, आणि ते बघायला शेजारचीही चार माणसं येऊन उभी राहतात. मनकर्णाबाईंनी एकेक कोकरू मांडीत धरून द्यायचं. ग्यानबानं डाव्या हाताच्या दोन बोटांत कान धरायचा, शीर कुठून जाते ते अंगठ्यानं बघायचं, तिला चुकवून सुरी टेकवायची. एक, दोन, कान बदलून पुन्हा एक. वर लगेच हळद आणि तेल. कोकराला ओरडायचं सुचेपर्यंत ते सुटलेलं असतं. डोळस असतानाही ग्यानबाचा हात इतका हलका नव्हता, असं मनकर्णाबाई स्वतः सांगतात, आणि त्या नवऱ्याचं कौतुक उगाच करणाऱ्यांतल्या नव्हेत.

शेवटचं कोकरू उड्या मारत आईकडं पळालं. ग्यानबा सुरी पुसायला लागला, तेवढ्यात रूपाली म्हणाली,

"पुसू नका मामा. एक ऱ्हायलंय."

"सगळी झाली की."

"एक नवं हाय. कळपात आलं तवापासून त्याला खूण न्हाई. चला."

तिनं त्याच्या हातात काठी दिली, हळदीची वाटी स्वतः घेतली आणि त्याला गाडीपाशी नेलं. पुढं बसवलं. ग्यानबाला अजून कळलं नव्हतं. तिनं त्याचा हात धरायचा संकोच केला नाही. बोट धरून काचेच्या खाली, जिथं काच संपते तिथल्या प्लास्टिकच्या पट्टीच्या कडेवर टेकवलं. कड जरा पुढं आलेली, बोटाच्या पेराएवढी जाड.

"ह्यो कान," रूपाली म्हणाली.

ग्यानबानं बोट मागं घेतलं. "रामप्रसाद खवळंल."

"खवळू द्या. त्याचं मी बघते. खालची चित्रांची वळ काचंवर कायम असती मामा, नकाशा असू द्या न्हाईतर गाणं. डावीकडं पयलं वारं कमी करायचं, त्याच्या बाजूला वाढवायचं. खाच कुठं घ्यायची ती मी दावते. खाच सापडली की बोट सरळ वर, एकदाच टेकवायचं."

"अन् फोन?" ग्यानबानं ताबडतोब विचारलं. "फोन कुठं बंद हुतो ते आदी दाव."

"त्यो उजवीकडं, ह्या टोकाला."

ग्यानबा थांबला. डावीकडं दोन, उजवीकडं एक. त्याला ते मोजावं लागलं नाही. आयुष्यभर बोटांनी तेच केलं होतं. सुनेनं हे आधीच जुळवून ठेवलं होतं की आपसूक जुळलं, ते त्यानं विचारलं नाही.  त्यानं अंगठ्यानं कडेखाली चाचपलं, जशी कोकराची शीर बघतो तशी, आणि सुरी टेकवली. एक. दोन. मग हात लांब करून उजवीकडं एक. आणि लागलीच, सवयच ती, वाटीतल्या हळदीत बोट बुडवून तिन्ही खाचांना हळद लावली.

रामप्रसाद आला तेव्हा त्याला आधी ती हळदच दिसली.

"ह्ये कुणी केलं?" तो एवढ्यानं ओरडला की वाड्यातली मेंढरं उठून उभी राहिली. "नव्या गाडीला सुरी लावली? तुमी काय येडे झालात का काय? शोरूमवाले काय म्हनतेल? समदी पट्टी बदलावी लागंल आता!"

ग्यानबा खाली मान घालून बसला. रूपाली पुढं आली. तिनं आवाज चढवला नाही.

"चारठाण्याला जाताना तुमी काय म्हन्लाव, याद हाय?"

"काय म्हन्लो?"

"'दादा, वारं' म्हन्लाव. बसले व्हते ते मागं. तरी हात आला पुढं. मी बघितला." तिनं पट्टीवर बोट ठेवलं. "तुमाला वारं मिळालं. हात तसाच माघारी गेला."

रामप्रसादनं पट्टीवरच्या खाचांकडं पुन्हा एकदा बघितलं.  तो विहिरीकडं गेला आणि बराच वेळ तिकडंच राहिला. रात्री तो जेवायला बसला तेव्हा त्यानं बापाच्या ताटात भाकरी स्वतः वाढली. पट्टी बदलणार की नाही, हे मात्र सांगितलं नाही.  त्याचं पुढचं सगळं त्या पट्टीवर अडकून होतं आणि हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

सगुणाबाईंच्या घरी पुन्हा जायचं निघालं, तेव्हा रूपाली काही न विचारता सासूशेजारी मागं जाऊन बसली आणि दार लावून घेतलं. पुढची सीट रिकामी. ग्यानबा काठी धरून बाहेर उभा. रामप्रसादनं गाडी चालू केली, थोडा वेळ थांबला, मग पलीकडं वाकून आतून दार उघडलं.

"बसा की मंग," तो पुटपुटला.

गाडी परभणीकडं निघाली. ग्यानबाचा हात पट्टीवर, बोटं खाचांत. काच काही करत नव्हती, कारण तिला हात लागतच नव्हता. आता तो तिला मनसोक्त बघू शकत होता. रेल्वेचा पूल चढून गाडी खाली उतरली आणि ऊन समोरून आलं. पुढं एक एसटी, कडेला दोन मोटारसायकली. रामप्रसादची नजर रस्त्यावर. तो म्हणाला,

"दादा, वारं."

खाच सापडलेलीच होती. बोट सरळ वर गेलं, एकदाच टेकलं. टिंग असा बारीक आवाज झाला आणि वारं रामप्रसादच्या कपाळावर आलं. शब्द पुरा व्हायच्या आत नाही, पण पुरा होता होता आलं. जीपच्या दांडीपेक्षा जरासा उशीर, आणि वारं मात्र कितीतरी गार.

"काच इमानदार हाय," ग्यानबा म्हणाला. मागं मनकर्णाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि रूपालीनं खिडकीबाहेर बघितलं. मग ग्यानबानं उजवीकडची खाच शोधली, वर बोट नेऊन फोन बंद असल्याची दोनदा खात्री केली, घसा साफ केला आणि विचारलं, "आज इहीनबाईनं काय केलं असंल?"

पुढं पाऊसकाळ गेला, दिवाळी गेली. गाडीच्या सर्व्हिसिंगचा दिवस आला तेव्हा परभणीत सकाळची बोचरी थंडी होती. बापलेक दोघंच आले होते. शोरूममधला पोरगेला कारागीर आत डोकावला, त्यानं काचेखालच्या तीन खाचा बघितल्या, खाचांत मुरलेला पिवळा डाग बघितला आणि हळहळला.

"कशानं तुटलं हो हे, काका? लहान पोरांनी केलं का? पट्टी आहे आपल्याकडं. बदलून देतो, गाडी पुन्हा नवी दिसेल."

ग्यानबा पुढच्या सीटवरच बसून होता. रामप्रसाद उतरला तरी तो उतरला नव्हता. त्याची बोटं खाचांत होती, ती तिथंच थांबली. उन्हाळ्यापासून या प्रश्नाची तो वाट बघत होता.

"तुटलं न्हाई," रामप्रसाद म्हणाला. "केलंय. आमच्या घरची खूण हाय ती."

"खूण?"

"इथं एका रंगाच्या, एकसारख्या इतक्या गाड्या हुब्या हायत. आमची कंची, ह्ये मग वळखावं कशावरून?" तो कारागिराला समजावत होता, पण आवाज गाडीत जाईल एवढा मोठा ठेवला होता. "बाकी तेल-पाणी बघा, ब्रेक बघा. ह्या पट्टीला हात लावायचा न्हाई."

काम झाल्यावर तो गाडीत येऊन बसला, हात चोळले, तोंडातून वाफ सोडली आणि गाडी बाहेर काढली.  झरीच्या रस्त्याला लागल्यावर रामप्रसाद म्हणाला,

"दादा, वारं."

"थंडी पडलीय की रे लय," ग्यानबा म्हणाला.

"पडू द्या. तुमी लावा."